चिठ्ठी कुणाची निघणार?

आमच्या वरसेच्या शाळेत दोन सोलर कंदील आले. फुकट, पण महिनाभर वापरून खरंखुरं मत लिहून द्यायचं. सगळे हात वर! कुणाला द्यायचे? २००९च्या शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांसाठी अर्ज जास्त आले, की सोडत काढतात. म्हटलं, आपणही चिठ्ठ्या टाकू. तोच मागून आवाज, "बाई, आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. कंदील मला मिळाला तर मी लिहू काय?" खरंच की! मग ज्यांच्याकडे वीज सारखी जाते, त्यांच्याच चिठ्ठ्या डब्यात. काढल्या पहिलीतल्या छोटीनं, सगळ्यांसमोर.

माझी लेक याच वर्गात. वीज आमच्याकडेही जाते, पण तिची चिठ्ठी मी टाकलीच नाही. घरी अजून अबोला आहे! तुम्ही असता तर टाकली असती का?