तक्रार लिहिणाऱ्यांचा वकील



अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या लोकांचे राजकारणातले लक्ष मुख्यतः वॉशिंग्टनकडे असते. अध्यक्ष कोण होणार, एच-वनचे काय होणार, ग्रीन कार्डची रांग कितपत पुढे सरकली, या तीन प्रश्नांत आपल्या शनिवारच्या जेवणावळींतली चर्चा संपते. मतपत्रिकेवर बरेच खाली 'स्टेट ॲटर्नी जनरल' असे एक पद असते. तिथे पोचेपर्यंत आपला उत्साह ओसरलेला असतो. पक्ष पाहून खूण करायची आणि घरी जायचे, अशीच बहुतेकांची रीत आहे. पण आपले घर, घरावरचे कर्ज, क्रेडिट कार्ड, औषध, संगणक या सगळ्यांच्या व्यवहारात आपली फसवणूक झाली तर बाजू घेणारा माणूस अनेकदा याच पदावर बसलेला असतो. म्हणून या अंकात अशा एका माणसाच्या कारकिर्दीविषयी लिहीत आहोत. हे आहेत आयोवा राज्याचे माजी ॲटर्नी जनरल टॉम मिलर.

आधी पदाविषयी दोन शब्द. महाराष्ट्रात 'महाधिवक्ता' म्हटला की सरकारने नेमलेला, न्यायालयात सरकारची बाजू मांडणारा ज्येष्ठ वकील आपल्या डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतल्या ॲटर्नी जनरलचे काम याहून पुष्कळ मोठे आहे. ५० पैकी ४३ राज्यांत हे पद थेट लोकांच्या मतांनी भरले जाते. राज्याचा वकील तर तो असतोच, पण ग्राहकांची फसवणूक, मक्तेदारी, खोट्या जाहिराती यांविरुद्ध स्वतःहून चौकशी करण्याचा आणि खटला भरण्याचा अधिकारही त्याला असतो. भारतात १९८६ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः मंचाकडे जाण्याची वाट मोकळी झाली. आयोवात मात्र २००९ पर्यंत ग्राहक-फसवणुकीच्या कायद्याखाली सामान्य माणसाला स्वतः दावाच लावता येत नव्हता. त्या कायद्याची किल्ली एकट्या ॲटर्नी जनरलच्या हातात होती. अशा राज्यात त्या खुर्चीवर कोण बसतो, याला किती महत्त्व असेल ते वेगळे सांगायला नको.

मिलर हे मिसिसिपीच्या काठावरच्या डब्यूक गावचे. हार्वर्डमध्ये कायदा शिकले, पण मोठ्या फर्मची वाट न धरता बाल्टिमोरमध्ये गरिबांना कायदेशीर मदत देण्याच्या कामात राहिले. नंतर आयोवात परतून मॅकग्रेगर या लहानशा गावी वकिली केली. १९७४ साली ॲटर्नी जनरलची निवडणूक हरले. १९७८ मध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याला, रिचर्ड टर्नर यांना, त्यांनी हरवले. १९७९ ते १९९१ आणि पुन्हा १९९५ ते जानेवारी २०२३ अशी एकूण ४० वर्षे ते या पदावर होते. अमेरिकेच्या इतिहासात इतका काळ कोणीच राज्याचा ॲटर्नी जनरल राहिलेला नाही. मधल्या काळात, १९९० साली, गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी ते उभे राहिले आणि पक्षांतर्गत निवडणुकीतच पडले. हे पद पुष्कळांच्या दृष्टीने गव्हर्नर होण्याची पायरी असते. मिलर तिथून खाली आले आणि त्यांनी पुन्हा तीच पायरी निवडली.

त्यांच्या कामाची पद्धत घडली ती १९८० च्या दशकातल्या शेती-संकटात. व्याजदर भडकले होते, जमिनीच्या किमती कोसळल्या होते आणि आयोवात शेतांचे लिलाव सुरू होते. १९८६ च्या राज्य कायद्याने असे बंधन घातले की शेतजमीन जप्त करण्याआधी धनकोने शेतकऱ्यासमोर मध्यस्थाच्या साक्षीने बसलेच पाहिजे. जप्ती थांबेलच असे नाही, पण समोरासमोर बसल्याशिवाय ती होणार नाही. आधी बोला, मग कारवाई करा, हे तत्त्व मिलर यांनी पुढे आयुष्यभर वापरले. त्यांच्या यशाचे मूळ त्यात आहे आणि त्यांच्यावरच्या टीकेचेही.

नव्वदीच्या दशकात एकेकट्या राज्याला न पेलणारे शत्रू समोर आले. मिसिसिपीने १९९४ मध्ये सिगारेट कंपन्यांवर पहिला दावा लावला. आयोवा त्यात उतरले १९९६ मध्ये. नोव्हेंबर १९९८ च्या करारात ४६ राज्यांना २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर देण्याचे कंपन्यांनी कबूल केले आणि मुलांना भुलवणाऱ्या कार्टून-जाहिराती बंद झाल्या. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रीय न्याय खात्याबरोबर २० राज्यांनी मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. राज्यांच्या फळीत मिलर पुढे होते. २००१ मध्ये सरकार बदलल्यावर न्याय खात्याने मायक्रोसॉफ्टशी तडजोड केली, तेव्हा आयोवासह नऊ राज्ये मागे हटली नाहीत. २००२ च्या निकालात त्यांच्या पदरात फारसे काही पडले नाही हे खरे. पण केंद्राने हात काढून घेतला तरी राज्ये स्वतःच्या पायांवर उभी राहू शकतात, एवढे त्यातून दिसले.

ते किती गरजेचे होते हे पुढच्या दशकात कळले. घरावर कर्ज देणाऱ्या काही कंपन्यांबद्दल राज्याराज्यांत तक्रारी साचत होत्या. व्याजदर प्रत्यक्षाहून कमी असल्याचे भासवणे, कर्ज लवकर फेडले तर दंड लावणे, न मागितलेला विमा कर्जात घुसवणे, कर्जदाराचे उत्पन्न कागदोपत्री फुगवणे, असे ते प्रकार होते. २००२ मध्ये हाउसहोल्ड या कंपनीला ४८.४ कोटी डॉलरपर्यंत भरपाई कबूल करावी लागली आणि जानेवारी २००६ मध्ये अमेरिक्वेस्टला ३२.५ कोटी. दोन्ही लढतींत राज्यांच्या आघाडीवर मिलर होते. लक्षात घ्या, २००६ च्या जानेवारीत वॉल स्ट्रीटवर अजून दिवाळी चालू होती. बाजार कोसळण्याच्या अडीच वर्षे आधी, पुढच्या अनर्थाचे सगळे नमुने आयोवासारख्या राज्यांच्या फायलींत लागलेले होते.

मग हे थांबले का नाही? कारण या दोन्ही कंपन्या राष्ट्रीय बँका नव्हत्या, म्हणून त्या राज्यांच्या हाती लागल्या. राष्ट्रीय बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या 'कंप्ट्रोलर ऑफ द करन्सी' या केंद्रीय कार्यालयाने २००४ मध्ये नियम काढून राज्यांचे बहुतेक कर्जविषयक कायदे या बँकांना लागू होणार नाहीत असे जाहीर केले. ज्या कार्यालयाचा खर्च त्याच बँकांकडून मिळणाऱ्या शुल्कातून चालतो, त्याने राज्यांना सांगितले की तुम्ही दूर राहा. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कवच बँकांच्या उपकंपन्यांनाही लागू असल्याचा निर्णय दिला. न्यूयॉर्कच्या खटल्यात २००९ च्या जूनमध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी राज्यांना खटले भरण्याचा अधिकार मान्य केला. बहुमताचा निकाल लिहिला होता तो कट्टर उजवे समजले जाणारे न्यायमूर्ती स्कालिया यांनी. पण तोवर घरे गेलेली होती.

इथून पुढचा भाग मिलर यांच्या चाहत्यांना अवघड वाटणारा आहे, पण तो टाळून चालणार नाही. २०१० च्या शरद ऋतूत उघड झाले की बँकांचे कर्मचारी फोरक्लोजरच्या शपथपत्रांवर न वाचता महिन्याला हजारो सह्या करत होते. 'रोबो-सायनिंग' हा शब्द तेव्हाचा. पन्नासही राज्यांनी चौकशी सुरू केली आणि नेतृत्व मिलर यांच्याकडे आले. त्यांनी सुरुवातीला तुरुंगाची भाषा केली. फेब्रुवारी २०१२ मध्ये हाती आली ती तडजोड. पाच मोठ्या बँका, ओक्लाहोमा सोडून ४९ राज्ये, २५ अब्ज डॉलर. त्यात मुद्दल कमी करण्याची तरतूद होती. शिवाय एका हाताने कर्जाची फेररचना करतो म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने घर लिलावात काढायचे, या प्रथेला लगाम होता. पण ज्यांचे घर आधीच गेले होते त्यांना मिळाले माणशी सुमारे १,४८० डॉलर. अनेक गावांत हे दोन महिन्यांचे भाडेही होत नाही. बँकांना एवढी मोकळीक देऊ नका असे म्हणणारे न्यूयॉर्कचे ॲटर्नी जनरल एरिक श्नायडरमन यांना २०११ मध्ये वाटाघाटींच्या कार्यकारी समितीतून काढण्यात आले होते. पुढे त्यांनीही सही केली.

तडजोडीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. खटला पाच वर्षे चालला असता आणि दर महिन्याला हजारो कुटुंबे रस्त्यावर आली असती. आयोवासारख्या राज्याचे कार्यालय पाच महाकाय बँकांच्या वकिलांसमोर किती टिकणार, हाही प्रश्न होता. आमचे मत असे की मिलर यांनी भरपाईचे गणित बरोबर केले, पण जबाबदारीचे गणित सोडून दिले. शेतकरी आणि गावातली बँक एका टेबलाशी बसतात तेव्हा दोघांनाही उद्या त्याच गावात राहायचे असते. न्यूयॉर्कची बँक आणि डे मॉइनमधला कर्जदार यांच्यात ती लाज नसते. तिथे नुसता दंड हा धंद्याचा खर्च होऊन बसतो. सिगारेटच्या पैशांचेही असेच झाले. अनेक राज्यांनी तो पैसा धूम्रपानविरोधी कामाऐवजी अंदाजपत्रकातली भोके बुजवायला वापरला. आणि तंबाखूविरुद्ध लढलेले हेच मिलर २०१८ मध्ये जूल या ई-सिगारेट कंपनीच्या सल्लागार गटाचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांच्या अनेक जुन्या सहकाऱ्यांना ते पचले नाही.

तरीही ४० वर्षांचा हिशेब मांडला तर पारडे कोणीकडे झुकते याबद्दल आम्हाला शंका नाही. भाषणांनी गाजलेले, टीव्हीवर चमकलेले ॲटर्नी जनरल पुष्कळ होऊन गेले. मिलर यांनी बाकीच्या राज्यांना, त्यांत रिपब्लिकन ॲटर्नी जनरलही आले, एकत्र धरून ठेवण्याचे कंटाळवाणे काम केले. २०२२ मध्ये थोड्या फरकाने ते हरले आणि राज्याने ब्रेना बर्ड यांना निवडले. लोकशाहीत हेही व्हायचेच.

आज हा विषय काढण्याचे कारण जुन्या आठवणी नव्हेत. २००८ च्या कोसळण्यानंतर उभारलेला कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो हे ग्राहकाचे केंद्रातले मोठे कवच. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या कर्मचाऱ्यांना काम थांबवण्याचे आदेश निघाले आणि प्रकरण न्यायालयात गेले. म्हणजे २००४ सारखीच वेळ पुन्हा आली आहे. केंद्र मागे सरकते तेव्हा उरतात ती राज्ये.

अशा वेळी आपण काय करू शकतो? पहिली गोष्ट, तक्रार लिहा. 'आपण परदेशी, कशाला सरकारी कागदावर नाव', ही भीती आपल्यात फार आहे. कर्ज, भाडे, मोटार, कोर्सची फी यांत फसवले गेलो तरी आपण नशिबाला बोल लावून गप्प बसतो. ग्राहक म्हणून तक्रार करायला नागरिकत्व लागत नाही. ॲटर्नी जनरल तुमचा खासगी वकील होत नाही, हे खरे. पण एकाच कंपनीविरुद्ध शंभर पत्रे येतात तेव्हा चौकशीची फाइल उघडते. दुसरी गोष्ट, जे नागरिक झाले आहेत त्यांनी मतपत्रिका खालपर्यंत वाचावी आणि उमेदवाराला निधी कोण देतो ते पाहावे. न्यू जर्सीतल्या मंडळींनी ध्यानात ठेवावे की तिथे हे पद गव्हर्नर भरतो. म्हणून हा प्रश्न गव्हर्नरच्या उमेदवाराला विचारायचा.

तिसरी गोष्ट जरा बोचरी आहे. आपल्यापैकी कितीतरी जण याच बँकांत, विमा कंपन्यांत, सॉफ्टवेअर कंपन्यांत चांगल्या हुद्द्यांवर आहेत. न वाचता सह्या करण्याची ती व्यवस्था कोणीतरी आखली होती, कोणीतरी चालवली होती, आणि ते सगळे आपल्यासारखेच सुशिक्षित, सभ्य, हप्ते फेडणारे लोक होते. ॲटर्नी जनरलचे काम फसवणूक झाल्यावर सुरू होते. त्याआधीची जागा आपल्या टेबलावर आहे.

कळावे, लोभ असावा.
संपादक मंडळ