हमी कोणाला?

2015 साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेतून केशकर्तनालय, शिंपीकाम, सायकलदुरुस्ती अशा व्यवसायांना विनातारण कर्ज मिळते. 50,000 रुपयांपर्यंतच्या कर्जाला तर ‘शिशु’ असे गोंडस नाव आहे. त्यामागे सरकारी हमी निधीही उभा आहे. परंतु ती हमी बँकेला आहे, कर्जदाराला नव्हे! कर्ज बुडाल्यास बँकेच्या नुकसानीचा काही भाग निधी भरून देतो. कर्जदाराचे देणे मात्र फिटत नाही, वसुली चालूच राहते. नगरपालिकेने टपरी उचलली, कारागीर अंथरुणाला खिळला, तर हप्ता कोठून यावयाचा? 1969 साली चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचे समाजवाद्यांनी स्वागत केले, ते एवढ्यासाठी खचित नव्हे. आजारपणात हप्ता लांबविण्याचा हक्क आणि व्यवसायाला कायम जागा, या मागण्या कार्यकर्त्यांनी आता लावून धरावयास हव्यात.