हरणारे कोण, हरविणारे कोण?

शाळेंत प्रयोजक क्रियापद शिकवितांना माझें एक उदाहरण ठरलेलें असे. ‘गडी विहीर खणतो’ यांत कर्ता गडी. ‘मालक गड्याकडून विहीर खणवितो’ यांत घाम गाळणारा गडीच. पण क्रिया घडवून आणणारा मालक. पस्तीस वर्षें मीं हा नियम फळ्यावर लिहिला. त्याचा अर्थ मला पुरता उमगला तो मात्र शिकागो शहरीं, एका बेसबॉलच्या मैदानावर.

२०२४ सालच्या मे महिन्यांत आम्ही उभयतां तेथें चिरंजिवांकडे गेलों व ऑक्टोबरांत परतलों. नातू तेव्हां दहा वर्षांचा होता. शिकागोंत बेसबॉलचे दोन मोठे संघ आहेत. उत्तर भागाचा कब्ज व दक्षिण भागाचा व्हाइट सॉक्स. चिरंजिवांचें पहिलें बिऱ्हाड दक्षिण भागांत होतें. त्यामुळें घर बदललें तरी व्हाइट सॉक्सची भक्ति कुळाचाराप्रमाणें चालत आली. आम्ही गेलों त्या वर्षीं या देवाची परीक्षाच होती, कीं भक्तांची, हें सांगणें कठीण!

हा खेळ आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. नऊ नऊ खेळाडू, नऊ डाव. चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात आणि संघाची पुष्कळशी भिस्त त्याच्यावर असते. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघास १६२ सामने खेळावे लागतात. जाणत्यांचा आडाखा असा, कीं उत्तम संघही साठ सामने हरतो आणि सामान्य संघही साठ जिंकतो. मधल्या बेचाळीसांवर सारें ठरतें. व्हाइट सॉक्सनें त्या हंगामांत जिंकले ४१ व गमावले १२१. १९०० सालानंतर एका हंगामांत इतके पराभव कोणत्याही संघाच्या वांट्यास आले नव्हते. १९६२ सालीं न्यूयॉर्क मेट्सनें १२० पराभवांचा जो नीचांक केला होता, तोही मागें पडला.

त्यांतच १० जुलैपासून ५ ऑगस्टपर्यंत ओळीनें एकवीस सामने हातचे गेले. नातवानें भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर विजयाला वर्तुळ व पराभवाला काट अशी खूण ठेविली होती. ६ ऑगस्टला ओकलंडच्या संघावर ५–१ असा विजय मिळाला, तेव्हां सूनबाईंनीं नैवेद्य दाखवावा तसा शिरा केला.

जेवतांना खेळाडूंचा उद्धार रोज होई. चिरंजीव म्हणत, “बाबा, यांना खेळतांच येत नाहीं. पगार मात्र डोळे पांढरे होतील एवढे.” या बोलण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. लुइस रॉबर्ट या खेळाडूनें २०२३ मध्यें ३८ होमरन मारले होते. २०२४ मध्यें दुखापतीमुळें तो शंभरच सामने खेळला व होमरन १४ वर थांबले. अँड्र्यू बेनिंटेंडी यास संघानें पांच वर्षांसाठीं साडेसात कोटी डॉलर देऊं केले होते. या संघानें तोंवर कोणाशींही केलेल्या करारांत ती रक्कम सर्वांत मोठी होती. त्या मानानें त्याची फलंदाजी फिकीच पडली. पण साडेसात कोटींचा आंकडा कागदावर कोणीं मांडला? खेळाडूनें तर नव्हे.

आतां गॅरेट क्रोशे याची गोष्ट पाहा. हा त्याच संघाचा डावखुरा पिचर. २०२४ मध्यें त्यानें २०९ फलंदाज बाद करून परत धाडले. तरी त्याच्या नांवावर विजय पडले सहा आणि पराभव बारा. कारण पिचरनें कितीही राखलें तरी धावा करावयाच्या त्या इतरांनीं. डिसेंबर २०२४ मध्यें संघानें त्याला बोस्टनकडे देऊन बदल्यांत चार तरुण खेळाडू घेतले. २०२५ च्या हंगामांत बोस्टनकडून त्याचे विजय झाले अठरा व पराभव पांच! मनुष्य तोच, हातही तोच. डिलन सीस याची कथा अशीच. त्याला मार्च २०२४ मध्यें सॅन डिएगोस धाडलें. २५ जुलैला इकडे पराभवांची ती लांबलचक माळ चालू असतां तिकडे त्यानें संबंध सामन्यांत प्रतिपक्षास एकही हिट मिळूं दिला नाहीं. ज्यांना आपण नापास म्हणतों, तीं मुलें शाळा बदलतांच पहिल्या वर्गांत येऊं लागलीं, तर दोष मुलांचा म्हणावा काय?

म्हणून चालकांकडे वळूं. हा संघ मुळांत दरिद्री नव्हे. जेरी राइन्सडॉर्फ हे १९८१ पासून त्याचे मालक. त्यांच्याच कारकीर्दींत २००५ सालीं संघानें अजिंक्यपद मिळविलें, तेंही १९१७ नंतर प्रथमच. त्याचें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे. २०२१ मध्यें ९३ सामने जिंकून संघ आपल्या गटांत पहिला आला. तेथून तीन वर्षांत १२१ पराभवांपर्यंत घसरण झाली कशी?

२०२० मध्यें संघ बारा वर्षांनंतर प्रथमच उत्तरफेरींत गेला होता. तेथवर नेणाऱ्या रिक रेंटेरिया या व्यवस्थापकास त्याच ऑक्टोबरांत निरोप मिळाला, आणि त्यांच्या जागीं टोनी ला रूसा यांना बोलाविण्यांत आलें. ला रूसा मोठे नांवाजलेले. पण त्यांचें वय ७६ आणि २०११ नंतर त्यांनीं संघ चालविलेला नव्हता. वयाबद्दल मी बोलत नाहीं. तो मान माझाही जवळ येत चालला आहे! पण मालकांच्या जुन्या स्नेहाला तेथें वजन मिळालें, हें शिकागोंत कोणीही सांगेल. २०२३ मध्यें एकूण १०१ पराभव झाले. तो हंगाम चालू असतांनाच केन विल्यम्स व रिक हान या दोघां जुन्या कारभाऱ्यांस काढलें. ठीकच केलें. पण नवा कारभारी बाहेर धुंडाळण्याऐवजीं थोड्याच दिवसांत घरच्याच ख्रिस गेट्झ यांना बढती दिली. २०१६ पासून तरुण खेळाडू तयार करण्याचें खातें त्यांच्याकडे होतें. ज्या तुकडीचा निकाल वाईट, तिच्याच वर्गशिक्षकास मुख्याध्यापक नेमावें, तसा हा प्रकार झाला. गेट्झ यांच्या वांट्यास आलेलें घर आधींच मोडकें होतें, हेंही खरें. पुढें २०२५ मध्यें नव्या मुलांच्या जोरावर ६० विजय मिळाले. पण २०२४ च्या ऑगस्टांत शिक्षा झाली ती मैदानावरील व्यवस्थापक पेद्रो ग्रिफोल यांना. पराभवांची माळ तुटल्यावर दोनच दिवसांनीं त्यांना घरीं पाठविलें. उरलेल्या ४५ सामन्यांत नव्या व्यवस्थापकाच्या हाताखालींही ३२ पराभव झाले!

२४ सप्टेंबरला नातवास घेऊन आम्ही प्रत्यक्ष मैदानावर गेलों. १२० पराभव झालेलेच होते. आणखी एक झाला कीं नवा विक्रम. ‘संघ विका’ असा घोष प्रेक्षकांतून मालकांच्या नांवें उठत होता. त्यांत गैर कांहीं नाहीं. तिकिटाचे पैसे मोजणाऱ्यास तेवढा अधिकार आहे. पण कांहीं लोक आपलाच संघ मागें पडलेला पाहून टाळ्या पिटूं लागले. विक्रम डोळ्यांदेखत व्हावा, एवढीच त्यांची हौस. नातू माझा हात धरून म्हणाला, “आजोबा, आपलींच माणसें आपण हरावें असें कां म्हणतात?”

मला उत्तर सुचलें नाहीं. आठवण मात्र झाली. एके वर्षीं माझ्या शाळेंतील दहावीच्या एका तुकडीचे निम्मे विद्यार्थी संस्कृतांत नापास झाले. त्या तुकडीला वर्षभरांत तीन शिक्षक झाले होते. पहिला मी. पहिल्या सहामाहीनंतर हुशार मुलांची तुकडी मीं मागून घेतली व हिला सोडून दिलें. निकालाच्या दिवशीं मात्र साऱ्या वर्गासमोर मीं त्या मुलांनाच ‘ढ’ म्हटलें. त्यांतल्या कोणीं वर मान केली नाहीं. तीं मुलें हरलीं होतीं. हरविणारा टेबलामागें उभा होता. हें मीं आजपर्यंत घरांतही कोणास सांगितलें नव्हतें.

त्या रात्रीं आठव्या डावांत तीन धावा काढून व्हाइट सॉक्सनें सामना ३–२ असा जिंकला. परततांना चिरंजीव म्हणाले, “पुढच्या वर्षीं तिकिटें नकोत. बाळालाही हा नाद सोडायला सांगतों.” मीं म्हटलें, “तिकिटें खुशाल बंद कर. मालकाला समजणारी भाषा तीच आहे. पण खेळाडूंना हिणवायला मुलाला शिकवूं नकोस. आणि नाद सोडायचा कीं नाहीं, तें त्याचें त्याला ठरवूं दे.” ते कांहीं बोलले नाहींत.

२७ सप्टेंबरला डेट्रॉइट येथें १२१ वा पराभव झाला. आतां पाहावयाचें असें कांहीं उरलें नव्हतें. तरी शेवटचे दोन्ही सामने व्हाइट सॉक्सनें जिंकले. निघण्याच्या दिवशीं नातवानें मला दिनदर्शिकेचें तें पान दाखविलें. खालच्या ओळींत दोन वर्तुळें होतीं. काढतांना पेन्सिल इतकी दाबलेली, कीं कागद मागून उमटला होता.