मूर्ती परत मागा, पण तिच्या खऱ्या नावाने मागा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण दर सहा महिन्यांनी ‘लंडनमधली वाग्देवी परत आणा’ हा फॉरवर्ड माझ्याकडे येतो, आणि हल्ली तो पुण्या-नाशिकच्या ग्रुपवरही फिरतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

मूर्ती आहे ब्रिटिश म्युझियममध्ये. पांढऱ्या संगमरवराची, परमार राजा भोजाच्या काळातली, मध्य प्रदेशातल्या धारची. ती भारतात यावी असं मलाही वाटतं. पण आपण ज्या पद्धतीने मागतोय, त्याने ती कधीच येणार नाही.

मूर्तीच्या पायथ्याशी लेख कोरलेला आहे. संवत १०९१, म्हणजे इ. स. १०३४. त्यात म्हटलंय की भोजाच्या राज्यातल्या वररुचीने आधी वाग्देवीची मूर्ती करवली, मग तीन जिनांच्या मूर्ती, आणि त्यानंतर ही अंबेची. घडवणारा सूत्रधार साहिराचा मुलगा मणथल, लेख लिहिणारा शिवदेव. म्हणजे ही जैन देवी अंबिका. वाग्देवीचा उल्लेख आहे, पण ती आधी केलेली वेगळी मूर्ती!

मग घोळ झाला कसा? लेखाचा काही भाग खराब झालाय. १९२४ मध्ये गांगुली आणि का. ना. दीक्षित यांनी ‘रूपम्’मध्ये ही मूर्ती प्रसिद्ध केली, ती भोजाची सरस्वती म्हणून. दोघंही मोठे अभ्यासक, त्यामुळे नाव चिकटलं. पुढे १९८१ च्या सुमारास हरिवल्लभ भायाणींनी लेख नीट वाचून अंबिकेचं नाव दाखवून दिलं. त्यालाही चाळीस वर्षं उलटली. आपण मात्र १९२४ मध्येच अडकलोय.

दुसरी गोष्ट जागेची. मूर्ती १८७५ मध्ये सापडली ती धारच्या जुन्या राजवाड्याच्या अवशेषांत, विल्यम किनकेड या इंग्रज अधिकाऱ्याला. कमाल मौला मशिदीच्या इमारतीला ‘भोजशाळा’ म्हणायची सुरुवात त्यानंतरची. १९०३ च्या सुमारास धार संस्थानातले शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी तिथल्या शिलालेखांकडे लक्ष वेधलं, तेव्हापासून ते नाव रुळलं. त्या वास्तूचा वाद कोर्टात आहे, तो कोर्ट बघेल. पण त्या वादात ही मूर्ती पुरावा म्हणून नाचवणं म्हणजे तिच्यावर कोरलेली अक्षरं पुसण्यासारखं आहे.

आणि यात फायदा कुणाचा होतो? थेट म्युझियमचा. आपण ‘वाग्देवी द्या’ म्हणायचं, त्यांनी शांतपणे लेखाकडे बोट दाखवायचं. विषय संपला. त्यांना जो प्रश्न खरंच अडचणीचा आहे, तो कुणी विचारतच नाही. १८७५ ला मूर्ती धारमध्ये सापडली. म्युझियमचा नोंदणी क्रमांक १९०९ सालचा आहे. मधल्या ३४ वर्षांत ती कुणी कुणाला दिली? कुठल्या कागदावर? धार दरबारने परवानगी दिली होती का? आणि दिली असेल, तर इंग्रज अधिकाऱ्याने मागितल्यावर ‘नाही’ म्हणायची संस्थानाची ताकद होती का? १८५७ नंतर इंग्रजांनी हेच संस्थान जप्त करून मग परत दिलं होतं. अशा दरबाराच्या ‘हो’ला किती किंमत द्यायची?

‘१९६३ च्या ब्रिटिश म्युझियम कायद्याने आमचे हात बांधलेत’ हे उत्तर पाठ झालंय. कायदा त्यांच्याच संसदेने केला, तीच बदलू शकते. पण त्यासाठी दबाव लागतो आणि दबावाला कागद लागतो. तमिळनाडूतल्या पत्तूरचा नटराज १९९१ मध्ये लंडनहून परत आला, तो कोर्टात पुरावे मांडून. ती स्वातंत्र्यानंतरची चोरी होती, कायदा बाजूने होता. इथे १८७५ चं प्रकरण, कायदा फारसा हाताशी नाही. म्हणजे आपली बाजू तर आणखी पक्की हवी.

इथे मराठी माणसाचं काम सुरू होतं. धारचे पवार मराठा सरदार, त्यांच्या दरबारात मराठी आणि मोडी चालायची. मोडी वाचणारे लोक आपल्याकडे आहेत. दोन्ही राज्य सरकारांनी मिळून त्या काळातले संस्थानी कागद तपासायला माणसं बसवावीत. केंद्राने म्युझियमकडे या मूर्तीचा सगळा पत्रव्यवहार मागावा आणि लोकांसमोर ठेवावा. वाघनखांच्या वेळी काय झालं ते आठवा. गाजावाजा प्रचंड, आणि २०२४ मध्ये साताऱ्यात आली ती तीन वर्षांच्या उसनवारीवर. तसंच पुन्हा हवंय का?

राहता राहिला जैन समाज. ज्यांची देवी, त्यांचं नावच या मागणीत नाही. हजार वर्षांपूर्वी वररुचीने दगडावर स्पष्ट लिहून ठेवलं, आणि आपण ते वाचायला तयार नाही. इंग्रजांनी मूर्ती नेली. तिचं नाव मात्र आपण काढून घेतोय.

पुढच्या वेळी तो फॉरवर्ड आला की उत्तरात एवढंच लिहा: ‘अंबिका, धार, संवत १०९१. १८७५ ते १९०९ चे कागद दाखवा.’