दिवटीच्या उजेडापासून एडिंबरोपर्यंत

रायपूरचा सदर बाजार म्हणजे सोन्याचांदीच्या पेढ्यांचा बाजार. येथे गुंजभर सोन्याचाही हिशेब चोख होतो. परंतु पेढीच्या पायरीशी येऊन गाणाऱ्या माणसाच्या गळ्याचे मोल करील असा तराजू कोणत्याही बाजारात नसतो. त्याला जे मिळते ते गाण्याचे मोल म्हणून नव्हे, तर दया म्हणून, आणि पुष्कळदा तो लवकर पुढे जावा म्हणून! छत्तीसगडातील देवार ही अशीच भटकी जमात. गावोगाव फिरावे, दारोदार गावे-नाचावे, बायकांनी गोंदणे गोंदावे आणि मिळेल त्यावर गुजराण करावी, हा तिचा पिढीजात व्यवसाय. या जमातीतील फिदाबाई नावाची एक गायिका पुढे राणीच्या वेषात नामवंत रंगमंचावर उभी राहिली, आणि जाणत्या प्रेक्षकांनी तिला मान दिला. रस्त्यावरचा कलावंत रंगमंचावर येतो तेव्हा नेमके काय घडते, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

असे प्रवास जगात अन्यत्रही झालेले आहेत. आयर्लंडमधील डब्लिन शहरात ग्राफ्टन स्ट्रीट नावाचा बाजाररस्ता आहे. वाद्याची पेटी समोर उघडी ठेवून गाणाऱ्यांची तेथे जुनी वहिवाट आहे. ग्लेन हॅन्सर्ड हा मुलगा तेराव्या वर्षी शाळा सोडून या रस्त्यावर गिटार घेऊन उभा राहिला. १९९० साली त्याने 'द फ्रेम्स' हे वाद्यवृंद-मंडळ स्थापन केले. २००७ साली रस्त्यावरच्या गायकाचीच कथा सांगणाऱ्या 'वन्स' या चित्रपटात त्याने प्रमुख भूमिका केली, आणि त्यातील गीताबद्दल त्याला व मार्केता इर्ग्लोव्हा हिला २००८ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. रस्ता ही त्याची शाळाच ठरली. मात्र एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हॅन्सर्ड रस्त्यावर ज्या भाषेत आणि ज्या ढंगात गात होता, त्याच भाषेत व ढंगात त्याला रंगमंचावर गाता आले. छत्तीसगडच्या कलावंतांच्या वाट्याला हे भाग्य सहजासहजी आले नाही.

तमाशाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला छत्तीसगडच्या 'नाचा'ची ओळख करून देणे कठीण नाही. गावातील मोकळी जागा हीच रंगभूमी. रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालायचा. आपल्या सोंगाड्याचा भाऊ शोभेल असा 'जोक्कड' आणि स्त्रीवेष धारण करणारा पुरुष, म्हणजे 'परी', ही त्यातील मुख्य पात्रे. मधल्या विनोदी प्रवेशांना 'गम्मत' म्हणतात, आणि हा शब्द ऐकताच मराठी माणसाला घरच्यासारखे वाटावे! जुन्या काळी वादक कमरेला वाद्ये बांधून, उभ्यानेच वाजवीत, आणि दिवट्यांच्या उजेडात खेळ रंगे. या प्रकाराला 'खडे साज' असे म्हणत.

या खेळाला बांधीव रूप देण्याचे श्रेय राजनांदगाव परिसरातील रवेली गावचे दुलारसिंह साव यांना दिले जाते. लोक त्यांना दाऊ मंदराजी म्हणत. १९११ साली एका खात्यापित्या मालगुजार घराण्यात त्यांचा जन्म झाला. घरच्या मंडळींचा विरोध पत्करून त्यांनी नाचाची मंडळी उभी केली. उभे वादक खाली बसविले, चिकाऱ्याच्या जागी हार्मोनियम आणली आणि विखुरलेल्या गुणी माणसांना एकत्र बांधले. या छंदापायी घरची शेतीवाडी गेली. १९८४ साली ते वारले तेव्हा हाती काही उरलेले नव्हते. आज त्यांच्या नावाने राज्याचा सन्मान दिला जातो.

या परंपरेला दूरच्या रंगमंचावर नेणारे हबीब तन्वीर हे रायपूरचेच. जन्म १ सप्टेंबर १९२३ चा. शालेय शिक्षण रायपुरात झाले आणि बी. ए. ची पदवी त्यांनी नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून घेतली. त्या काळी रायपूर व नागपूर एकाच प्रांतात होती, आणि १९५६ पर्यंत नागपूर हीच त्या प्रांताची राजधानी होती. पुढे मुंबईत नभोवाणी, चित्रपट आणि 'इप्टा' ही लोकनाट्य चळवळ यांत काही वर्षे काढून ते दिल्लीस गेले. तेथे १९५४ साली त्यांनी 'आग्रा बाजार' हे नाटक सादर केले. त्यात एक काकडीवाला आहे. बाजार मंदावला आहे, काकडी खपत नाही, तेव्हा कोणी आपल्या काकडीवर कविता करून द्यावी म्हणून तो बिचारा भटकतो. मोठमोठे शायर त्याला झिडकारतात. नझीर अकबराबादी मात्र त्याला कविता देतो, आणि काकडी विकली जाते. नाटकाचा नायक असलेला हा कवी रंगमंचावर एकदाही येत नाही. त्याची गाणी मात्र बाजारभर फिरतात. जामिया मिल्लियाचे विद्यार्थी आणि शेजारच्या ओखला गावचे रहिवासी असे दोन्ही प्रकारचे नट त्यांनी या खेळात घेतले होते.

त्यानंतर तन्वीर इंग्लंडात नाट्यशिक्षण घेऊन आणि बर्लिनमध्ये ब्रेख्तच्या मंडळीची नाटके पाहून १९५८ साली परतले. रायपुरात त्यांनी रात्रभर नाचा पाहिला आणि ते भारावून गेले. मदनलाल, ठाकुरराम, बाबूदास, भुलवाराम, जगमोहन, लालूराम अशा सहा कलावंतांना ते दिल्लीस घेऊन गेले, आणि शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चे हिंदुस्थानी रूपांतर 'मिट्टी की गाडी' या नावाने रंगभूमीवर आणले. १९५९ साली मोनिका मिश्र यांच्यासह त्यांनी 'नया थिएटर' ही संस्था स्थापन केली.

येथे एखादा लेखक 'आणि मग यश धावून आले' असे लिहून मोकळा होईल. परंतु खरी कहाणी येथून पुढे आहे. गावात हजारोंना खदखदून हसविणारी ही माणसे शहरातील रंगमंचावर अवघडून उभी राहू लागली. त्यांच्यातील तेज कोठे हरपले याचा उलगडा तन्वीरांना व्हायला वर्षे लागली. पुढे त्यांनी स्वतःच त्याची दोन कारणे सांगितली आहेत. पहिले कारण भाषेचे. ज्यांचा विनोद छत्तीसगडीत जन्मतो, त्यांना हिंदी संवाद पाठ करायला लावले होते. दुसरे कारण हालचालींचे. अमुक वाक्याला उजवीकडे जा, तमुक वाक्याला डावीकडे वळा, अशी आखणी कागदावर शिकलेल्या नटासाठी असते. नाचाचा नट प्रेक्षकाकडे पाहून हलतो. हशा ज्या बाजूला पिकेल त्या बाजूला तो वळतो, आणि एखाद्या वाक्याला दाद मिळाली तर ते तेथल्या तेथे वाढवितो. त्याचा हा स्वभाव दिग्दर्शकाने बांधून टाकला होता.

कारण सापडल्यावर तन्वीरांनी जे केले ते विचार करण्यासारखे आहे. नटांना आणखी शिकविण्याऐवजी त्यांनी स्वतःची रीत बदलली. १९७३ साली रायपुरात नाचाची महिनाभराची कार्यशाळा झाली. तीन जुन्या गम्मती एकत्र गुंफून, नटांच्याच तोंडच्या छत्तीसगडीत, 'गाँव के नाँव ससुराल, मोर नाँव दामाद' हे नाटक तेथे तयार झाले. संवाद आधी लिहून काढण्यापेक्षा ते तालमीत नटांच्या बोलण्यातून उमटू दिले गेले.

या रीतीचे सर्वांत पक्व फळ म्हणजे १९७४-७५ मध्ये आकाराला आलेले 'चरणदास चोर'. मूळ कथा राजस्थानी लेखक विजयदान देथा यांची. नाटकातील गीतनृत्य मात्र छत्तीसगडच्या सतनामी समाजाच्या पंथी परंपरेचे. एक चोर गुरूपुढे थट्टेने चार प्रतिज्ञा करतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही आणि राज्य स्वीकारणार नाही. गुरू त्याच्याकडून पाचवी घेतो, खोटे न बोलण्याची. पुढे हे सारे खरोखरच त्याच्यासमोर येऊन उभे राहते. चोर शब्द मोडीत नाही, आणि त्यासाठी प्राण गमावतो. राणीची भूमिका फिदाबाईंनी केली. चोराची भूमिका प्रथम मदनलाल यांची होती. नंतर ती गोविंदराम निर्मलकर यांनी केली. १९८२ साली एडिंबरोच्या फ्रिंज नाट्यमहोत्सवात या नाटकाला 'फ्रिंज फर्स्ट' पारितोषिक मिळाले. तेथील प्रेक्षकांना छत्तीसगडीचा एक शब्दही समजत नव्हता. परकी भाषा प्रेक्षकाला अडली नाही; दिल्लीत नटाच्या तोंडी घातलेली परकी भाषा मात्र नटाला अडली होती, हे येथे विसरता कामा नये.

तन्वीरांनी जे शहरात केले त्याला समांतर असे काम छत्तीसगडातही झाले. १९७१ साली दाऊ रामचंद्र देशमुख यांनी दुर्गजवळच्या बघेरा गावी 'चंदैनी गोंदा' हा लोकसंगीताचा भव्य प्रयोग उभा केला. संगीत खुमानलाल साव यांचे, आणि लक्ष्मण मस्तुरिया यांची गीते त्यातून घरोघरी पोहोचली. या प्रयोगाने आपल्या माणसांना आपलेच गाणे मानाने ऐकविले, आणि त्यासाठी दिल्लीची वाट धरावी लागली नाही.

तरीही हिशेबाची दुसरी बाजू लिहावीच लागते. गोविंदराम निर्मलकर यांना २००९ साली पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी, ८ जून रोजी, भोपाळ येथे तन्वीर निवर्तले. २०१४ साली निर्मलकरही गेले. त्यांची अखेरची वर्षे आजारपणात आणि पैशाच्या ओढाताणीत गेली. पदवी मिळाली म्हणून घरचा चुलीचा प्रश्न सुटला, असे झाले नाही. मंदराजींचे घर ज्या वाटेने रिकामे झाले तीच वाट थोड्याफार फरकाने त्यांच्याही नशिबी आली. कलावंताला मोठे करणारा समाज त्याच्या म्हातारपणाची तजवीज करीत नाही, तोवर त्या मोठेपणाला शोभा कशी यावी?

या साऱ्यातून गृहस्थाश्रमी वाचकाने काय घ्यावे? सरकारी सन्मान आणि निवृत्तिवेतन हे आपल्या हातचे नाही. दारातला व्यवहार मात्र आपला आहे. वासुदेव, गोंधळी, देवार किंवा ढोलकीवाला दाराशी आला तर त्याला 'पुढे जा' म्हणण्यापूर्वी एक गाणे पुरते ऐकावे, आणि मुलांनाही ऐकू द्यावे. लग्नकार्यात लोककलावंत बोलावले तर त्यांची बिदागी आधी ठरवावी आणि खेळ संपताच हातावर ठेवावी. वाजंत्री आणि मांडवाच्या हिशेबातून उरेल ते त्यांना, असे करू नये. आणि त्यांच्या बोलीला हसू नये. सहा जणांच्या बोलीला रंगमंचावर जागा मिळण्यास १९५८ पासून १९७३ पर्यंत पंधरा वर्षे लागली. आपल्या अंगणात ती जागा आजही देता येईल.