बोट नंतर, आधी वाट

परवा बँकेतले एक जुने सहकारी सपत्नीक घरी आले. मुलाने दोघांना अलास्काची सहल देऊ केली आहे. तीन बोटींची रंगीत माहितीपत्रके टेबलावर पसरून ते म्हणाले, "तुम्ही जाऊन आलात. यातली कुठली बोट चांगली?" एका बोटीत डझनभर उपाहारगृहे, दुसरीत नाटकगृह, तिसरीत पाण्याची घसरगुंडी. मी म्हटले, "बोटींचे राहू द्या. ती जाते कुठून, तो नकाशा दाखवा." नकाशा तिन्ही पत्रकांत होता, शेवटच्या पानावर, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

हीच चूक मी २०१७ साली केली होती. कर्जाच्या कागदांतला बारीक मजकूर आधी वाचावा, हे हाताखालच्यांना जन्मभर शिकवले. आणि स्वतःची पुंजी मोडताना मात्र बोटीच्या चकचकीत जिन्याला भुललो. लेक सिॲटलला राहते, म्हणून बोटही तिथूनच घेतली. तिथून सुटणाऱ्या बहुतेक बोटी व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून उत्तरेला जातात, हे मला बोटीवर चढल्यावर कळले. दुसरा अख्खा दिवस पाणी आणि धुके. बायको तोंडात आल्याचा तुकडा धरून केबिनमध्ये पडून होती. ती मूळची वेंगुर्ल्याची. संध्याकाळी एवढेच म्हणाली, "अहो, नुसता समुद्र तर आमच्या घरामागेही होता."

पुढे डोंगर दिसले, हिमनदीही दिसली. नाही असे नाही. पण ज्या 'ग्लेशियर बे'चे स्वप्न मी तिला दाखवले होते, तिथे आमची बोट जाणारच नव्हती. त्या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला फक्त दोन मोठ्या प्रवासी बोटींना प्रवेश असतो. बाकीच्या दुसरी एखादी हिमनदी दाखवून परततात. १७९४ मध्ये व्हँकुव्हरच्या मोहिमेतल्या खलाशांना ही खाडी जवळजवळ पूर्ण बर्फाने भरलेली दिसली होती. १८७९ मध्ये जॉन म्यूर पोचला तेव्हा तो बर्फ कितीतरी मैल मागे सरला होता. पत्रकात नुसता 'ग्लेशियर' शब्द वाचून मी सही केली होती.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. आधी वाट ठरवा, मग महिना, आणि बोट सर्वांत शेवटी. अलास्कालाच जायचे तर व्हँकुव्हरहून निघणारी बोट पाहा. ती सहसा बेटाच्या आतून, दोन्ही काठांना देवदार असलेल्या अरुंद पाण्यातून जाते. सिॲटलच्या फेरीत व्हिक्टोरियाचा थांबा असतो, त्यामागे १८८६ चा अमेरिकन कायदा आहे: परदेशी निशाणाच्या बोटीला वाटेत परदेशी बंदर घ्यावेच लागते. आपल्याला त्यापायी कॅनडाचाही व्हिसा लागतो. त्या दिवशी बंदरात आणखी किती बोटी आहेत, तेही विचारा. जुनो हे सुमारे ३०,००० वस्तीचे गाव. २०२४ पासून तिथे दिवसाला जास्तीत जास्त पाच मोठ्या बोटी असे ठरले, यावरून त्याआधीची गर्दी ओळखावी. आणि बोट लागत असेल तर केबिन मध्यभागी, खालच्या मजल्यावर घ्या. हलणे तिथे कमी.

पण मला कुणी खरेच विचारले, तर मी नॉर्वेचे नाव घेईन. १८९३ मध्ये रिचर्ड विथ यांनी तिथे टपालबोट सुरू केली. आज बर्गेन ते किर्केनेस ही वाट दोन कंपन्या चालवतात. ३४ बंदरे, जाऊन-येऊन १२ दिवस. त्या बोटींवर माल चढतो, गावकरी चढतात-उतरतात. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणारी बोट ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळे सांगायला नको. जाताना रात्री निसटलेली बंदरे येताना दिवसा भेटतात, म्हणून दोन्ही फेऱ्या घ्याव्यात. करमणूक जवळजवळ नाही. खिडकी हीच करमणूक. स्टाडच्या भूशिरापाशी बोट चांगलीच हलते, हेही सांगून ठेवतो.

महिन्याचा हिशोब सोपा आहे. उत्तर टोकाला मे मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मावळत नाही. ध्रुवीय प्रकाशाला काळोखी रात्र लागते. दोन्ही एका तिकिटात मिळत नाहीत. टिळकांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वेदांतल्या दीर्घ उषेचा माग उत्तर ध्रुवापर्यंत नेला, तोही तिथे न जाता. आपण जाणार असू, तर काय पाहायला जातो एवढे तरी ठाऊक असावे.

कारण आमच्या वयात सहल चुकली तर पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणता येत नाही. पैसे पुन्हा साठतीलही एकवेळ. गुडघे साठत नाहीत. बायकोला आता आमच्या इमारतीचे दोन जिने उतरणेही जड जाते. नॉर्वेचा विषय आम्ही घरात काढत नाही.

सहकारी निघाले तेव्हा ती चहाचे कप उचलायला आली. चष्मा लावून तिने तो चिमुकला नकाशा जवळ धरला, आणि त्यांच्या पत्नीला बेट आणि किनारा यांच्यामधल्या फटीवर बोट ठेवून दाखवले.

"इथून जा हो," ती म्हणाली. "बाहेरून नको."