नातवंडांची सहल आणि आजीचं तिकीट

मैत्रिणींनो, वार्षिक परीक्षा संपत आल्या, की नातवंडांच्या तोंडी एकच विषय असतो : "आजी, यंदा इमॅजिकाला जायचं!" कुणाच्या वर्गातली मुलं जाऊन आलेली असतात, कुणी मोबाइलवर तिथले पाळणे पाहिलेले असतात. आजी 'हो' म्हणते आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली, की मनातल्या मनात हिशेब मांडू लागते.

मुरबाडकडच्या एका आजींनी तो हिशेब मला पत्रानंच कळवला आहे. थोरला मुलगा कल्याणला नोकरीला, धाकटा गावी शेती बघतो. दोघांना दोन-दोन मुलं. कल्याणची मुलं दोनदा जाऊन आली. गावच्या मुलांनी म्हशाच्या जत्रेतल्या आकाशपाळण्यापलीकडे काही पाहिलेलं नाही. आजींजवळ बचत गटातून साठलेले थोडे पैसे आहेत, पण सगळं घर न्यायचं तर ते पुरायचे नाहीत. आजी लिहितात, "गावच्या दोघांनाच नेलं तर थोरली म्हणेल, दुजाभाव केला. सगळ्यांना न्यायचं तर कर्ज काढावं लागेल. काय करू?"

प्रश्न एका घरचा असला, तरी शहापूर-मुरबाडकडच्या कितीतरी घरांत तो थोड्याफार फरकानं आहेच. म्हणून आज सगळं सविस्तरच बघू या.

कोण जाणार, कोण देणार?

आजी, चारही नातवंडांना एकाच दिवशी न्या. चुलत भावंडं दोन वेगळ्या खेपांना गेली, की घरी येऊन 'तुझं जास्त, माझं कमी' सुरू होतं. शहरातली मुलं आधी जाऊन आलेली आहेत, हा तोटा नसून सोय आहे. कुठली रांग मोठी, कुठला पाळणा भीतिदायक, हे तीच गावच्या भावंडांना दाखवतील. त्यांना तसं कामच नेमून द्या.

मोठ्यांची संख्या मात्र कमी करा. दोन लहान मुलांमागे एक धडधाकट माणूस पुरतं. आजी-आजोबांना त्या मोजणीत धरायचं नाही. म्हणजे चार मुलांमागे दोघं. माझं मत विचाराल तर दोघी सुनांना न्या. थोरलीला जागा माहीत आहे. धाकटी वर्षभर शेण-पाणी, भात, पाहुणे यांतून बाहेर पडत नाही. तिला हा एक दिवस मिळू द्या. त्या दिवशी गुरं आणि चूल तिच्या यजमानांनी बघावी. एका दिवसानं काही बिघडत नाही.

पैशांचं बोलणं आधी करा, तेही सगळ्यांसमोर. थोरल्याला मोकळेपणानं सांगा, "तुझ्या दोन मुलांची आणि बायकोची तिकिटं तू काढ, धाकट्याच्या घरची आणि माझं मी काढते." नोकरदार मुलाला हे जड नसतं, जड जातं ते गृहीत धरलेलं. आणि चारही मुलांच्या हातात आजीनं स्वतःच्या हातानं सारखी रक्कम ठेवावी. शंभर असो की दोनशे, पण सारखी. आइस्क्रीम, फुगा, फोटो, सगळे हट्ट त्यातच. मुलं आजीच्या हाताकडे बघतात. तिकिटं कुणी काढली ते त्यांना कळतही नाही.

वहीत पाच रकाने पाडा : तिकिटं, प्रवास, खाणं, कपडे-लॉकरचं भाडं आणि अडीनडीला. हा शेवटचा रकाना कधीही रिकामा ठेवू नका. तिकिटाचे दर दिवसागणिक बदलतात; सुट्टीच्या दिवशी जास्त, अधल्यामधल्या वारी कमी. मुलांचं तिकीट वयावर की उंचीवर, ज्येष्ठांना सवलत आहे का, हे आधी विचारून घ्या आणि ओळखपत्रं बरोबर ठेवा.

केव्हा जावं?

इथेच आपल्याकडची खरी अडचण आहे. मुलांची सुट्टी आणि शेतीची सवड यांचा मेळ बसत नाही. दिवाळीच्या सुट्टीत भात कापणीला आलेलं असतं. जूनच्या आरंभी शाळा बंद असते, पण पेरणी डोक्यावर असते. मे महिन्यात राब भाजून झालेले असतात, सवड असते, पण ऊन टाळू भाजून काढतं. शिवाय लग्नसराई!

तेव्हा मेमध्येच जायचं असेल तर सोमवार ते शुक्रवारमधला दिवस धरा आणि दुपारी बारा ते चार सावलीतले, छपराखालचे खेळ ठेवा. याहून चांगले दिवस म्हणजे झोडणी संपल्यानंतरचे, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातले. मी स्वतः शाळेत शिकवते, तेव्हा हे मी सांगू नये. पण रीतसर अर्ज देऊन एक दिवस शाळा बुडाली, तरी चालतं. नाताळचा आठवडा मात्र टाळा. रांगेतच दिवस जातो.

कसं जावं?

इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर, खालापूर तालुक्यात सांगडेवाडीला आहे; २०१३ साली ते सुरू झालं. आपल्याकडून दोन वाटा. शहापूरकरांना आसनगावहून लोकलनं कल्याण आणि तिथून कर्जत-खोपोली. मुरबाडकरांना आधी एसटीनं कल्याण गाठावं लागतं. खोपोलीच्या गाड्या मोजक्याच, तेव्हा जाण्या-येण्याच्या वेळा आदल्या दिवशी लिहून घ्या. खोपोलीहून पुढे पुन्हा रिक्षा किंवा गाडी लागतेच. दुसरी वाट रस्त्यानं, म्हणजे मुरबाड, म्हसा, कर्जत, खोपोली. सात-आठ माणसं असतील तर गावातली ओळखीची जीप दिवसभरासाठी ठरवणं सोयीचं. थकलेली मुलं रात्री कल्याण स्टेशनवर पेंगत बसवण्यापेक्षा ते बरं.

एसटीनं जाणाऱ्यांनी सवलती विसरू नयेत. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. मुलांचं पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट.

गाडी स्वतःची ठरवली असेल तर थोडी वाकडी वाट करून सकाळी लवकर महडच्या वरदविनायकाचं दर्शन होतं. तोही खालापूर तालुक्यातच. पुढे पालीचा बल्लाळेश्वरही त्याच रस्त्यावर, पण एका दिवसात उद्यान आणि दोन देवळं हा हट्ट आजींनी धरू नये.

एवढा लांबचा बेत झेपत नसेल तर ठाण्याला मानपाड्याजवळ टिकुजीनी वाडी आहे. भिवंडी, वसई-विरारकडे पाण्याची उद्यानं आहेत. मुलांना नावापेक्षा पाणी आणि पाळणा प्यारा असतो.

आधी उंची मोजा

मोठ्या पाळण्यांपाशी उंचीची काठी लावलेली असते. मूल तिच्याखाली बसलं, म्हणजे त्याला परत फिरवतात. वय कितीही असो, वशिला चालत नाही, आणि चालूही नये. तासभर रांगेत उभं राहून परत फिरलेल्या मुलाचं रडणं आवरत नाही. म्हणून आठ दिवस आधी घरच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खूण करून चौघांची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा. कुठल्या पाळण्याला किती उंची लागते, ते उद्यानाच्या माहितीत दिलेलं असतं. कोण कशात बसणार याची यादी घरीच करा. मोजमापाचा धडाही होतो आणि तिथली रडारडही टळते.

मोठ्यांसाठीही नियम असतात. हृदयविकार, रक्तदाब, पाठीचा किंवा मानेचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी वेगाच्या पाळण्यांत बसायचं नाही. 'काही होत नाही हो' म्हणणारा एखादा भाऊ घरात असतोच. त्याचं ऐकू नका. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघूच नका. साखरेची तक्रार असेल तर जेवणाची वेळ चुकवू नका, गोळ्या आणि खडीसाखर जवळ ठेवा. चालणं पुष्कळ पडतं. चाकाची खुर्ची मिळते का ते आधी फोनवर विचारावं. त्यात कमीपणा कसला?

प्रत्येक मुलाच्या खिशात नाव आणि घरच्या दोन मोबाइल नंबरांची चिठ्ठी ठेवा. मोठ्यांना नंबर पाठ करायला लावा. आत शिरल्या शिरल्या एक खूणगाठीची जागा ठरवा : चुकलात तर इथेच येऊन उभं राहायचं, शोधत फिरायचं नाही.

डबा आणि कपडे

बाहेरचं खाणं आत बहुधा नेऊ देत नाहीत. तरीही दशम्या, लसणीची चटणी, उकडलेली अंडी किंवा मेथीचे ठेपले असा डबा न्याच. फाटकापाशी पोचण्यापूर्वी भरपेट न्याहारी आणि परतताना गाडीत दुसरा डबा. आत एकच जेवण विकत घ्यावं लागतं.

पाण्यात उतरायचं तर नायलॉनचे पोहण्याचे कपडे लागतात. साडी, सुती परकर, सलवार-कमीज चालत नाही. भाड्यानं कपडे मिळतात, पण त्यात पैसा जातो आणि अंगाला बसेल याची खात्री नाही. सुनांना पूर्ण बाह्यांचे, पायघोळ पोहण्याचे कपडे आता बाजारात मिळतात. संकोच वाटत असेल तर तेच घ्या. दागिने घरी ठेवा. पोतसुद्धा!

आणखी एक. आपल्या शहापूर तालुक्यात १८९२ चं तानसा धरण आहे, भातसा आहे. मुंबई हे पाणी पिते, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याच पाड्यांवरच्या बायका टँकरची वाट बघतात. डोक्यावर हंडा वाहिलेली नात लाटांच्या तलावाकाठी उभी राहून विचारील, "आजी, एवढं पाणी खेळायला?" तिला गप्प करू नका. ते पाणी गाळून, शुद्ध करून पुन्हा पुन्हा फिरवतात हे सांगा. आणि तिला प्रश्न पडला, तो बरोबरच आहे, हेही सांगा.

आजीनं काय करायचं?

बहुतेक सहलींत आजीचं काम ठरलेलं : बाकावर बसून पिशव्या आणि चपला राखणं. तिकीट मात्र पुरं! हे मला मुळीच पसंत नाही. पिशव्यांना लॉकर असतात. चार पैसे गेले तरी चालतील.

वॉल्ट डिस्ने या गृहस्थानं सांगितलेली आठवण आहे. तो आपल्या मुलींना बागेतल्या गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसवायचा आणि स्वतः बाकावर शेंगदाणे खात बसायचा. तिथेच त्याच्या मनात आलं, की मुलं आणि मोठी माणसं दोघांनाही मजा येईल अशी जागा हवी. त्यातूनच १७ जुलै १९५५ ला अमेरिकेत डिस्नेलँड उघडलं. आपल्याकडे १९८९ ला गोराईला एस्सेलवर्ल्ड आलं, तेही त्याच धर्तीचं. म्हणजे या जागा मुळात बाकावरच्या माणसाला उठवण्यासाठी निघाल्या, आणि आपण आजीला पुन्हा बाकावरच बसवतो!

आजींनो, संथ गाडी, बसून बघायचे चित्रपट, मिरवणूक, गोल फिरणारे घोडे, असं तुम्हाला झेपेल ते पुष्कळ असतं. चारही नातवंडांबरोबर एकेका खेळात बसा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला आजी येईल. म्हशाच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसून तुम्ही लहानपणी ओरडला असालच. तेवढंच पुन्हा ओरडायचं आहे. आणि माणसं मोजाल तेव्हा पहिलं बोट स्वतःकडे करा.

पुढच्या आठवड्यात वाळवणांचं बघू.